मुठीत मावणारा साक्षीदार

म्हैसूर शहर मागे टाकून नंजनगुडच्या दिशेने निघाले म्हणजे चामुंडीची टेकडी डाव्या हाताने बराच वेळ सोबत करते. पुढे मंडकळ्ळीचा विमानतळ लागतो आणि तो ओलांडला की थोड्याच वेळात कडकोळ येते. गाव लहान, पण अगदीच अप्रसिद्ध नव्हे. कडकोळच्या टपाल हद्दीत ब्यातहळ्ळी येथे टीव्हीएस कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना आहे, आणि गावाजवळून जाणारा हमरस्ता गुंडलुपेट व बंडीपूरचे अरण्य ओलांडून थेट कोळिकोडच्या समुद्रापर्यंत पोहोचतो. गुंडलुपेटला त्याचाच एक फाटा उटीकडे वळतो. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत ह्या रस्त्यावर कोल्हापूरच्या, पुण्याच्या आणि बेळगावच्या गाड्या हटकून दिसतात. पाट्यांवरचे एमएच ०९, एमएच १२ आणि केए २२ हे आकडे वाचूनच आत मराठी बोलणे चालू असावे असा तर्क करता येतो.

ह्या गाड्यांकडे जरा निरखून पाहिले तर पुष्कळशा गाड्यांत आणखी एक प्रवासी बसलेला आढळेल. तो समोरच्या काचेवर, आरशाच्या आडोशाला असतो, किंवा मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटवर, हनुवटीच्या जागी चिकटलेला असतो. तो बोलत नाही, खात नाही, कंटाळत नाही, आणि पापणी म्हणून मिटत नाही. हा प्रवासी म्हणजे मुठीत मावणारा, पाण्याने न भिजणारा आणि पडला तरी सहसा न फुटणारा छोटा कॅमेरा. इंग्रजीत त्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात, आणि आता मराठीतही तेच नाव रूढ झाले आहे. गाडीतच कायमचा बसविलेला त्याचा चुलतभाऊ डॅशकॅम ह्या नावाने ओळखला जातो. दोघांचे कुळ एक असले तरी स्वभाव वेगळे आहेत. पहिला हौसेसाठी घेतला जातो, दुसरा भीतीपोटी. आणि गंमत अशी की, पुष्कळदा हौसेने घेतलेला अपघाताचा पुरावा देतो व भीतीने घेतलेला सुंदर सूर्योदय टिपून ठेवतो.

ह्या हौसेचा प्रारंभ रस्त्यावर नव्हे, तर समुद्राच्या लाटांवर झाला. निक वुडमन नावाचा एक अमेरिकन तरुण २००२ साली ऑस्ट्रेलिया व इंडोनेशियाच्या किनाऱ्यांवर लाटांवरून घसरण्याचा खेळ खेळत होता. लाटेवर स्वार झालेल्या माणसाचे चित्र काढावयाचे तर छायाचित्रकार किनाऱ्यावर उभा, आणि खेळाडू दूर पाण्यात. तेव्हा कॅमेरा खेळाडूच्याच मनगटाला बांधावा, अशी त्याची साधी कल्पना होती. २००४ साली त्याने गोप्रो ह्या नावाने जो पहिला कॅमेरा बाजारात आणला, तो साधी ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा होता. चलच्चित्र त्यात निघतच नसे. ती सोय पुढच्या काही वर्षांत आली, आणि मग मनगटावरचा कॅमेरा छातीवर, हेल्मेटवर, सायकलच्या दांडीवर व मोटारीच्या टपावर चढला. आता ह्या धंद्यात डीजेआय व इन्स्टा३६० ह्या चिनी कंपन्याही जोरात उतरल्या आहेत.

वाहनाच्या पुढ्यात कॅमेरा बांधण्याची कल्पना मात्र मुळीच नवी नाही. चित्रपट जन्मल्यावर दोनतीन वर्षांतच, म्हणजे १८९७–९८ च्या सुमारास, आगगाडीच्या इंजिनापुढे कॅमेरा ठेवून घेतलेली चित्रे लोक पैसे देऊन पाहत असत. पडद्यावर इंजिन दिसत नसे आणि चालकही दिसत नसे. रूळ आपल्या अंगावर धावून येत, बोगदा आपल्याला गिळी, आणि पुन्हा उजेडात सोडून देई. प्रेक्षक खुर्चीत बसल्याबसल्या गाडी चालवीत असे. आजची मोटारसायकलवरील चित्रणे ह्याच कुळातली आहेत.

आता ह्या यंत्राच्या आत थोडे डोकावले पाहिजे, कारण त्याचे गुण व अवगुण दोन्ही तेथेच दडलेले आहेत. त्याचे भिंग फार लहान आणि फार रुंद नजरेचे असते. भिंग इतके आखूड असल्यामुळे हाताच्या अंतरावरील हँडल आणि क्षितिजावरील डोंगर दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात, नजर जुळवून घेण्याची खटपट करावी लागत नाही. म्हणूनच त्याच्याकडे न पाहता चित्रण करता येते. साध्या कॅमेऱ्याला छायाचित्रकाराचा डोळा लागतो. ह्याला तो लागत नाही, नुसते शरीर पुरते.

दुसरी करामत स्थिरीकरणाची. कॅमेऱ्याच्या पोटात सिलिकॉनचे सूक्ष्म कंपमापक असतात. कॅमेरा किती व कोणत्या बाजूला कलला, हे ते सेकंदाला शेकडो वेळा मोजतात. भिंगातून आलेले चित्र दाखवावयाच्या चित्राहून थोडे मोठे घेतलेले असते. शिंपी शिवणीसाठी कापड राखून ठेवतो, तशी ही चारी बाजूंची राखीव कड असते. गाडी खड्ड्यात आदळून कॅमेरा खाली गेला की चौकट तेवढीच वर सरकविली जाते, डावीकडे गेला की उजवीकडे. परिणामी पाहणाऱ्याला रस्ता लोण्यासारखा मऊ वाटतो. मोटारसायकलच्या हँडलवरील बारीक थरथर मात्र ह्या हिशेबात नीट बसत नाही. चित्र एका क्षणात न टिपता ओळीओळीने वाचले जात असल्यामुळे ते खरवसासारखे हलते. छोट्या कॅमेऱ्याऐवजी हँडलवर भारी मोबाइल लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंजिनाच्या सततच्या कंपनाने फोनच्या भिंगाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेला आहे.

ह्या दोन गुणांचा मिळून एक अवगुण होतो, आणि तो वरवर पाहता लक्षात येत नाही. रुंद नजरेचे भिंग समोरचा रस्ता दूर लोटते आणि लांबची वाहने लहान करते. स्थिरीकरण हादरे पुसून टाकते. माणसाला वेग जाणवतो तो कानाला लागणाऱ्या वाऱ्याने, पोटात उठणाऱ्या गोळ्याने, हाताला बसणाऱ्या धक्क्याने. हे सर्व गाळून उरलेले चित्र पाहिले म्हणजे ताशी ८० किलोमीटरने चालविलेली मोटारसायकल रमतगमत चालल्यासारखी भासते. चालकाने जिवाचे पाणी करून चढलेला घाट घरी पडद्यावर सपाट आणि संथ दिसतो. मग पुढच्या खेपेस तो काय करील? एक तर कॅमेरा खाली, जमिनीलगत बांधील. जवळची जमीन भिंगापुढून झपाट्याने मागे जाते व थोडाही वेग पुष्कळ वाटतो. हा उपाय निरुपद्रवी आहे. दुसरा उपाय म्हणजे खरोखरीच वेग वाढविणे. दुर्दैवाने हाच पुष्कळांना प्रथम सुचतो.

पहिल्या उपायाचा एक नामांकित नमुना आहे. क्लोद लेलूश ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७६ साली पहाटेच्या पॅरिसमधून भरधाव मोटार नेऊन सुमारे आठ मिनिटांचा एक अखंड चित्रपट घेतला. कॅमेरा मोटारीच्या पुढच्या टोकाला, खाली बांधलेला. पडद्यावर ऐकू येते ते फेरारीच्या इंजिनाचे किंचाळणे. वस्तुतः चित्रणाची गाडी होती लेलूश ह्यांची मर्सिडीज, आणि आवाज तेवढा फेरारीचा मागाहून जोडलेला. म्हणजे वेग निम्मा डोळ्यांचा आणि निम्मा कानांचा! अर्थात तांबडे दिवे न जुमानता शहरातून खरोखरच गाडी पळविणे, हा त्या चित्रपटातील भाग अनुकरणीय मुळीच नाही, आणि त्यावर टीकाही झाली. परंतु वेगाचा भास निर्माण करावयाला वेगाची फारशी गरज नसते, हे तंत्र त्याने सिद्ध करून ठेवले.

हे न कळलेल्यांची किंमत फार मोठी आहे. मे २०२३ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावर एक तरुण मोटारसायकलस्वार मरण पावला. त्याच्या चित्रणांना लक्षावधी प्रेक्षक होते, आणि ताशी ३०० किलोमीटरचा आकडा गाठण्याच्या प्रयत्नात तो होता असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कांचीपुरमजवळ दुसऱ्या एका लोकप्रिय स्वाराने हमरस्त्यावर पुढचे चाक उचलण्याचा प्रयत्न केला व तो कोसळला. तो वाचला, पण त्याला दहा वर्षांसाठी परवान्याला मुकावे लागले. आणि वेगाचा काडीइतकाही संबंध नसलेली एक घटना तर महाराष्ट्रातलीच आहे. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळ सुलीभंजनच्या टेकडीवर, दत्तधाम मंदिराच्या परिसरात, मोटार शिकू पाहणारी एक तरुणी हौसेने चक्राशी बसली आणि सोबतचा मित्र तिचे चित्रण करू लागला. गाडी उलट्या गिअरमध्ये मागे सरकत गेली आणि कड्यावरून खाली कोसळली. शिकाऊ माणसाच्या शेजारी त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. जो सोबती आत बसून हातब्रेक ओढू शकला असता, तो बाहेर उभा राहून चित्र घेत होता.

येथे ह्या यंत्राविषयीचा खरा प्रश्न उभा राहतो. कॅमेरा गाडीत बसला की तो साक्षीदार असतो की प्रेक्षक? साक्षीदारासाठी कोणी गाडी वेगळी चालवीत नाही. प्रेक्षकासाठी चालवितात. माणूस एकांतात गातो त्याहून चारचौघांत निराळे गातो, ह्यात नवल नाही, पण गाण्यात बेसूर झाले तर फक्त ऐकणाऱ्याला त्रास होतो. रस्त्यावर तसे नसते. म्हणून जाणते हौशी एक युक्ती करतात. निघण्यापूर्वी कॅमेरा चालू करावयाचा, आणि थांबल्यावाचून त्याला हात लावावयाचा नाही. पंधरा मिनिटांनी त्याचा विसर पडतो, आणि त्यानंतरचे चित्रण बहुधा सर्वांत चांगले निघते. हेल्मेटवर तो लावण्याविषयी निराळा आक्षेप आहे. हेल्मेट गुळगुळीत व गोल असते ते आपटल्यावर घसरून जावे म्हणून, त्यावर कठीण उंचवटा बसविला तर तो अडकू शकतो. कडकोळवरून जाणारा हा रस्ता ज्या केरळात उतरतो, तेथील मोटार वाहन विभागाने २०२२ साली हेल्मेटवर कॅमेरे लावणाऱ्यांविरुद्ध कारवाई जाहीर केली ती ह्याच कारणाने. छातीवरच्या पट्ट्यात कॅमेरा ठेवला तर तो प्रश्न उरत नाही आणि चित्रात हँडल व हातही छान येतात.

साक्षीदार म्हणून मात्र ह्या यंत्राची योग्यता मोठी आहे. ह्याच म्हैसूर जिल्ह्यात टी. नरसीपूर तालुक्यातील कुरुबूरजवळ २९ मे २०२३ रोजी एक खासगी बस आणि पर्यटकांची मोटार समोरासमोर धडकून दहा जण प्राणास मुकले. बसच्या पुढील कॅमेऱ्यात तो भयंकर क्षण नोंदला गेला होता. ते चित्रण नंतर हातोहात देशभर फिरले. तसे ते फिरावे की नाही, हा प्रश्न आहेच. मृतांच्या आप्तांनी ते कोणत्या मनाने पाहिले असेल, ह्याचा विचार ते पुढे धाडणाऱ्यांनी केला नाही. पण रशियातील उदाहरण पाहा. तेथे विम्याच्या लबाड्यांना कंटाळून लोकांनी घरोघरच्या मोटारींत असे कॅमेरे बसविले होते. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी चेल्याबिन्स्क शहरावर एक प्रचंड उल्का फुटली. रोजच्या कामाला निघालेल्या शेकडो मोटारींनी आकाशातील तो अग्निगोल न सांगता टिपला. त्या चित्रणांतील सावल्यांची लांबी, खांबांची जागा आणि घड्याळाची वेळ जुळवून शास्त्रज्ञांनी उल्केचा मार्ग व ती मुळात सूर्याभोवती ज्या कक्षेत फिरत होती ती कक्षा, दोन्ही गणिताने काढली. ह्या कामात पहिल्यांदा पुढे आलेल्यांत दूरच्या कोलंबियातील खगोलशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा आधार होता लोकांनी महाजालावर ठेवलेली हीच चित्रणे! त्या मोटारचालकांपैकी एकानेही आकाशाचे चित्र घेण्यासाठी कॅमेरा लावला नव्हता.

परंतु ह्या साक्षीदाराची दृष्टी किती, हेही तपासून घ्यावे. उत्तम प्रतीच्या चित्रात आडवे ३,८४० ठिपके असतात. भिंगाची नजर १२० अंशांची धरली तर एका अंशाला ३२ ठिपके आले. मोटारीची क्रमांकपाटी अर्धा मीटर रुंद. ती १० मीटरवर असताना सुमारे तीन अंश जागा व्यापते, म्हणजे नव्वदएक ठिपके. पाटीवर दहा अक्षरे व आकडे असतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला नऊ ठिपके येतात व ते वाचता येतात. तीच पाटी ३० मीटरवर गेली की प्रत्येक अक्षराला तीन ठिपके उरतात, आणि तीन ठिपक्यांत ३ कोणता व ८ कोणता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. संध्याकाळी तर कॅमेऱ्याची पापणी जास्त वेळ उघडी राहते. समोरून येणारे वाहन आणि आपले वाहन दोन्ही ताशी ६० च्या वेगात असतील तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ती एकमेकांना ६७ सेंटिमीटरने ओलांडतात. म्हणजे एवढ्या अवधीत अख्खी पाटी पुसली जाते. म्हणूनच जाणकार लोक धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा क्रमांक तोंडाने मोठ्याने उच्चारतात. चित्रात नाही तरी आवाजात तो राहतो.

वेगाच्या बाबतीत मात्र हे यंत्र डोळ्यांना फसविते तरी गणिताला फसवीत नाही. त्यात सेकंदाला बहुधा ३० चित्रे पडतात. रस्त्यालगतच्या दोन खांबांमधील अंतर मागाहून जाऊन फितीने मोजले, ते ५० मीटर निघाले, आणि ते कापावयाला गाडीला ६० चित्रे लागली, तर वेळ झाला दोन सेकंद व वेग झाला ताशी ९०. मायकेल शूमाकर हा विख्यात शर्यतपटू २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये बर्फावरून घसरताना जबर जखमी झाला, तेव्हा त्याच्या हेल्मेटवरील कॅमेऱ्याच्या चित्रणाचा तपासात असाच उपयोग झाला.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. डॅशकॅम आपले चित्रण काही मिनिटांच्या तुकड्यांनी साठवितो, आणि कार्ड भरले की सर्वांत जुना तुकडा पुसून त्याच जागी नवा लिहितो. ताशी कित्येक गिगाबाइट जागा खाणाऱ्या यंत्राला दुसरा इलाज नाही. मोठा हादरा बसला तर त्या वेळचा तुकडा न पुसण्याची सोय असते, पण दुसऱ्याच्या अपघाताचा हादरा आपल्या गाडीला बसत नाही. तेव्हा महत्त्वाचे काही टिपले गेले असे वाटले तर गाडी थांबवून कॅमेरा बंद करणे व कार्ड काढून ठेवणे हा मार्ग. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे फार ताप होतो. ॲक्शन कॅमेरे तेथे तापून आपोआप बंद पडतात आणि त्यांच्या बॅटऱ्या फुगतात, म्हणून चांगल्या डॅशकॅममध्ये बॅटरीऐवजी कपॅसिटर घातलेला असतो.

पुराव्याचा कायदा काय म्हणतो, हे जाणून घेणे ह्याहून अगत्याचे. ह्या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीवरून लागला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल ह्यांच्याविरुद्ध २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर स्वीकारले गेले काय, हा वाद होता, आणि त्याचे उत्तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत लावलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणात होते. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला, आणि त्याबरोबर सर्वांसाठी नियम घालून दिला की, चित्रणाची प्रत पुराव्यात द्यावयाची तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. संबंधित कचेरीने ते वारंवार मागूनही दिले नाही, तर पक्षकाराला अशक्य गोष्टीची सक्ती करता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ खाली ही अट आहे, आणि प्रमाणपत्रात आता चित्रणाचा हॅश नावाचा आकडा नोंदवावा लागतो. हा आकडा म्हणजे त्या फाइलीच्या अंगठ्याचा ठसा समजावा. चित्रणातील एक ठिपका जरी बदलला तरी तो सर्वस्वी निराळा येतो. ह्यावरून एक सोपा धडा निघतो. मोबाइलवरून दहा हातांतून फिरलेली, आकाराने आक्रसलेली प्रत पुरावा म्हणून दुबळी, तर कार्डावरील मूळ चित्रण भक्कम.

हा साक्षीदार आपल्या धन्याविरुद्धही साक्ष देतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे ह्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. ही गोष्ट जगाला कळली ती पर्यटकांनीच हौसेने घेतलेल्या चित्रणांवरून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली आणि वाहनचालक व मार्गदर्शक ह्यांच्यावर कारवाई झाली. कडकोळहून पुढे बंडीपूरला जाणाऱ्यांनी ही हकीकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो, आणि दिवसाही अरण्यात गाडी थांबवून उतरण्यास मनाई आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे हत्तीजवळ जाऊन आपली छबी टिपणारा एक माणूस हत्तीच्या पायाखाली सापडूनही वाचला. वनविभागाने त्याला २५,००० रुपये दंड केला. काचेवरचा छोटा कॅमेरा न थांबता, न उतरता हत्ती टिपतो. त्याच्या जातीला हेच काम शोभते.

इतर छंदांत ह्या यंत्राचा उपयोग कदाचित रस्त्याहूनही चांगला होतो, कारण तेथे ते शिक्षकाची भूमिका घेते. पोहणाऱ्याला आपला हात पाण्याखाली कसा वळतो हे कधीच दिसत नाही. तलावाच्या तळाशी ठेवलेला कॅमेरा ते दाखवितो, आणि गुरुजींनी शंभरदा सांगितलेली चूक एका दर्शनात पटते. नवशिक्या गोलंदाजाला आपले पाऊल कोठे पडते, तबलजीला आपले बोट कोठे अडखळते, सुताराला रंधा कोठे तिरका जातो, हे सर्व असेच. गाडी शिकणाऱ्यानेही आपले अर्ध्या तासाचे चित्रण घरी पाहावे. आपण वळणावर किती उशिरा इशारा देतो आणि पुढच्या वाहनाला किती चिकटतो, हे पाहून ओशाळल्यावाचून राहवत नाही. प्रेक्षक आपण एकटेच असल्यामुळे हा ओशाळेपणा सोसवतो.

आता उरला तो ह्या हौसेचा सर्वांत मौल्यवान, आणि बहुतेकांच्या ध्यानीमनी नसलेला भाग. १९०६ सालच्या १४ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत माइल्स बंधूंनी केबलवर चालणाऱ्या ट्रामच्या पुढ्यात कॅमेरा ठेवून मार्केट स्ट्रीट ह्या हमरस्त्याचे चित्रण केले. घोडागाड्या, सायकली, वर्तमानपत्रे विकणारी पोरे, रुळांवरून बेफिकीर चालणारी माणसे, सारे त्यात आले. चार दिवसांनी भूकंप झाला, आग लागली, आणि त्या रस्त्यावरचे बहुतेक सर्व नाहीसे झाले. चित्रण वाचले ते आदल्याच दिवशी आगगाडीने न्यूयॉर्कला रवाना झाले होते म्हणून. पुढे कित्येक वर्षे ते आणखी जुने समजले जाई. एका इतिहासकाराने चित्रातील मोटारींच्या क्रमांकपाट्या आणि त्या दिवसांतील वर्तमानपत्रांतले हवामान तपासून त्याची खरी वेळ ठरविली. त्यातली एक मौज सांगितलीच पाहिजे. शहर श्रीमंत दिसावे म्हणून काही मोटारी पुन्हापुन्हा वळसा घालून कॅमेऱ्यासमोर आल्या आहेत! प्रेक्षकासाठी गाडी चालविण्याची खोड इतकी जुनी आहे. आज ते चित्रण पाहताना लोक त्या मिरविणाऱ्या मोटारींवरून नजर काढतात आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या, कॅमेऱ्याची दखलही न घेणाऱ्या माणसांकडे पाहत बसतात.

महाराष्ट्रातही असा प्रसंग येऊन गेला. खंडाळ्याच्या घाटातील अमृतांजन पूल १८३० सालचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग त्याच्या कमानींखालून जाई, आणि लक्षावधी मोटारी त्याकडे मान वर न करता निघून गेल्या. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून तो पाडण्याची चर्चा होतीच. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडलेला असताना तो सुरुंगाने उडविण्यात आला. त्याआधीच्या एखाद्या पावसाळ्यात कोणाच्या काचेवरचा कॅमेरा चालू असेल, तर धुक्यातून जवळ येणारी ती दगडी कमान, डोक्यावरून तिचे निघून जाणे आणि पलीकडचा उजेड, हे सारे त्यात जसेच्या तसे असेल. बहुधा मालकाने ते केव्हाच पुसूनही टाकले असेल, कारण त्या प्रवासात काही ‘घडले’ नव्हते.

म्हणून वर्षातून एकदा तरी आपल्या नेहमीच्या रस्त्याचे काहीही न घडलेले चित्रण राखून ठेवण्याची प्रथा हौशी मंडळींनी पाडावी. वेग साधा असावा. आरंभी दिनांक, वार, कोठून कोठे निघालो आणि गाडीत कोण आहे, एवढे तोंडाने बोलून ठेवावे. चित्रणावर आपोआप उमटणारे घड्याळ पुष्कळदा चुकीचे लावलेले असते, आणि बोललेल्या तारखेबरोबर माणसाचा आवाजही राहतो. मागे संगीत जोडू नये. गाडीतील बोलणे, चिक्कीच्या कागदाची कुरकुर, मागच्या बाकावरून येणारा ‘अजून किती लांब?’ हा प्रश्न, हे सर्व तसेच राहू द्यावे. कडकोळहून पुढे थोड्या अंतरावर नंजनगुड आहे. तेथे कपिला नदीवर १७३५ साली बांधलेला दगडी पूल आहे. ह्या पुलावरून बैलगाड्या गेल्या, मोटारी गेल्या आणि मीटरगेजची आगगाडीही गेली. रुंद रूळ आल्यावर तो निवृत्त झाला. मोटार शेजारच्या नव्या पुलावरून नदी ओलांडते, तेव्हा काचेवरच्या कॅमेऱ्यात तो काही क्षण दिसतो. चालकाने तिकडे पाहण्याचे कारण नाही, त्याने समोर पाहावे.